तुम्ही विचारलंत म्हणून : पाकीट मिळतं का?

महागड्या गाड्यांवर लिहितो असं सांगितलं की लग्नाच्या पंगतीत असो वा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, थोड्या वेळाने एक प्रश्न येतोच. काही जण सरळ विचारतात, ‘कंपनीवाले किती देतात हो?’ काही जण आडून, ‘तुमच्याकडे सगळ्याच गाड्या चांगल्या कशा निघतात?’ मला याचा राग येत नाही. माझ्या शब्दावर विसंबून कुणी पाऊण कोटी मोजणार असेल, तर हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

पाकीट मला आजवर कुणी दिलेलं नाही. पण एवढंच सांगून थांबलो तर ते अर्धंच उत्तर होईल.

नवी गाडी आली की कंपनी मीडिया ड्राइव्ह ठेवते, म्हणजे पत्रकारांना गाडी चालवून बघायला बोलावते. उदयपूर, गोवा, कधी परदेश. विमानाचं तिकीट, पंचतारांकित हॉटेल, जेवणखाण, सगळं कंपनीकडून. सकाळी पोर्चमध्ये गाड्या धुऊनपुसून रांगेत उभ्या असतात. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी भरलेली, रस्ता आधीच ठरलेला आणि बहुतेक वेळा गुळगुळीत. एका गाडीत दोघं पत्रकार, एक चालवणार, दुसरा शेजारी. तीन-चार तासांत गाडी परत. खोटं लिहायचं कुणाच्याच मनात नसतं. पण आदल्या रात्री ज्या इंजिनिअरने शेजारी बसून दीड तास जीव ओतून त्या गाडीबद्दल सांगितलं, त्याचा चेहरा लिहिताना समोर येतो. ‘स्टिअरिंग मुर्दाड आहे’ असं मनात असतं आणि कागदावर ‘स्टिअरिंग हलकं आणि आरामशीर आहे’ असं उतरतं. खाल्ल्या मिठाला जागणं हा आपल्याकडे सद्गुण आहे, आणि आमच्या कामात नेमका तोच वाचकाला महागात पडतो. पैसे घेतलेला माणूस निदान स्वतःला ओळखून असतो. मिंधेपण आलेल्याला ते कळतही नाही.

शिवाय पुढच्या गाडीची काळजी असते. एका मोठ्या एसयूव्हीचा गिअरबॉक्स पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये धक्के देतो, असं मी एकदा लिहिलं. कुणी भांडलं नाही, कुणाचा फोन आला नाही. पण त्यानंतर वर्षभर त्या कंपनीकडे टेस्टसाठी गाडी मागितली की एकच उत्तर यायचं, ‘सध्या उपलब्ध नाही, सर.’ हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. २००५ मध्ये जनरल मोटर्सने लॉस एंजेलिस टाइम्समधल्या आपल्या जाहिराती काढून घेतल्या होत्या. त्याआधी तिथले गाड्यांचे समीक्षक डॅन नील यांनी जनरल मोटर्सच्याच पॉंटिॲक जी६ या गाडीवर सडकून टीका केली होती. नील यांना आदल्याच वर्षी समीक्षेचं पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालेलं. काही महिन्यांनी जाहिराती परत आल्या. एवढं मोठं वर्तमानपत्र असा फटका सोसू शकतं. दोन माणसांवर चालणाऱ्या मराठी चॅनलने काय करायचं?

माझी झोप मात्र उडवली ती कोल्हापूरच्या एका वाचकाने. गुळाचा व्यापार, वय पन्नाशीचं. माझा रिव्ह्यू वाचून त्यांनी एक जर्मन सेडान घेतली होती. सहा महिन्यांनी फोन आला. ‘गाडीचं सगळं बरोबर लिवलाय तुम्ही. पण आमच्या आईला त्यातनं उतरायला येईना झालंय.’ सीट खोल, दाराचा उंबरा रुंद, आईंचे दोन्ही गुडघे दुखरे. मुलाने दोन्ही हात धरून ओढायचं, आणि ते चार लोकांसमोर त्या माउलीला नको वाटायचं. ‘ती अजून जुन्या बोलेरोतनंच जोतिबाला जाते,’ ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं.

फोन ठेवून मी माझा लेख काढला. बाराशे शब्दांत मागच्या सीटवर दोन ओळी होत्या, त्याही पायांना जागा किती एवढ्यापुरत्या. कारण त्या ड्राइव्हला मागच्या सीटवर माझी कॅमेऱ्याची बॅग होती. मला गाडी चालवायला आवडतं, म्हणून मी चालवणाऱ्याच्या जागेवरून लिहिलं. आपल्याकडे या गाड्या घेणारा बरेचदा मागे डाव्या बाजूला बसतो, ड्रायव्हर ठेवतो, आईवडिलांना देवदर्शनाला नेतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर चाकणला गाड्या जुळवणाऱ्या मर्सिडीजने २०१७ मध्ये इथे लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढवून मागे जास्त जागा दिलेली ई-क्लास आणली, आणि २०२१ मध्ये बीएमडब्ल्यूने ३ सीरिजची लांब आवृत्ती. गिऱ्हाईक कुठे बसतं हे विकणाऱ्याला कळलं आणि मी पुढच्या सीटवरून वळणांचं कौतुक करत राहिलो. हाही पक्षपातच, आणि त्यासाठी कुणी मला एक रुपयाही दिला नव्हता.

वस्तू तपासून ग्राहकांसाठी अहवाल छापणाऱ्या अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेची रीत मला मनापासून पटते. ते जाहिराती घेत नाहीत आणि टेस्टच्या गाड्या ओळख न देता डीलरकडून विकत घेतात. २०१० मध्ये टोयोटाच्या लेक्सस ब्रँडची जीएक्स ४६० ही एसयूव्ही वेगात वळणावर असताना त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर गाडीचा मागचा भाग बाहेर घसरत गेला आणि तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वेळेत आली नाही. त्यांनी सरळ छापलं, ही गाडी घेऊ नका. टोयोटाने विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या, सॉफ्टवेअर बदललं. मग कन्झ्युमर रिपोर्ट्सने पुन्हा तपासलं आणि इशारा मागे घेतला. ना आकस, ना उपकार.

करोडाची गाडी विकत घेऊन तपासायची ऐपत माझ्याकडे नाही. म्हणून जमेल ते करतो. प्रवास आणि हॉटेल कुणाच्या खर्चाने झालं, हे पहिल्या ओळीत लिहितो. जानेवारी २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार इन्फ्लुएन्सरनी असे फायदे उघड करायचेच असतात, पण मी ते नियमासाठी करत नाही. मीडिया ड्राइव्हवरून निकाल देत नाही, फक्त पहिली ओळख म्हणून लिहितो. दोन वर्षं गाडी वापरलेला मालक आणि त्याचा ड्रायव्हर शोधतो. ड्रायव्हर जास्त खरं बोलतात. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या रन-फ्लॅट टायरची बाजू खड्ड्यात फाटली की नव्या टायरला किती पडतात, सर्व्हिसचं बिल कितीवर जातं, पावसाळ्यात सोसायटीच्या रॅम्पवर गाडीचं पोट घासतं का, हे त्यांच्याकडून कळतं. आणि गाडी घरी आली की आधी मागे बसतो, मग टेप घेऊन जमिनीपासून सीटची उंची मोजतो.

माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आता प्रत्येक गाडीत त्यांना एकदा बसवतो, मदत न करता उतरू देतो. परवा एका सेडानमधून उतरताना ते दोनदा थांबले, छताच्या कडेला धरलं, मग उठले. लेखाची सुरुवात मी तिथूनच केली.