आमची वाटचाल : ईपीएबीएक्सपासून मीटिंग रूमपर्यंत

नागपुरात आमच्या फर्मची सुरुवात झाली ती ईपीएबीएक्स (कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) आणि इंटरकॉमच्या कामांपासून. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतील कारखाने, रामदासपेठेतील रुग्णालये आणि सदर भागातील कार्यालये येथे एक्स्चेंज बसवणे, जुन्या वायरिंगमधील दोष शोधणे आणि वर्षभराची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, सांभाळणे हेच आमच्या उत्पन्नाचे साधन होते. पुढे सीसीटीव्ही आले, प्रोजेक्टर आले आणि त्याच ओघात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगही आले. त्या काळी ही सोय मोठ्यांनाच परवडणारी होती. पॉलिकॉमचा किंवा सिस्कोचा कोडेक (चित्र आणि आवाज लाइनवरून पाठवण्याजोगे करणारे यंत्र), त्याला जोडलेला कॅमेरा, स्वतंत्र लीज लाइन (भाड्याने घेतलेली खास जोडणी) आणि अनेक ठिकाणे एकत्र आणायची असल्यास मध्यवर्ती कार्यालयात आणखी एक महागडे यंत्र, असा तो सरंजाम असे आणि एका खोलीचा खर्च सहज लाखांच्या घरात जाई. मोजक्या मोठ्या कंपन्या, बँकांची विभागीय कार्यालये आणि सरकारी खाती यांच्यापलीकडे नागपुरात त्याला गिऱ्हाईक नव्हते.

हे चित्र क्लाउडने, म्हणजे इंटरनेटवरून मिळणाऱ्या सेवांनी, बदलले. सिस्कोने 2007 मध्ये विकत घेतलेल्या वेबेक्स या ऑनलाइन बैठकांच्या कंपनीत अनेक वर्षे काम केलेल्या एरिक युआन यांनी 2011 मध्ये बाहेर पडून झूमची स्थापना केली आणि साध्या लॅपटॉपवर, बेताच्या इंटरनेटवरही तग धरणारी बैठक शक्य आहे हे दाखवून दिले. आम्हीही तेव्हा अशा सेवांच्या लायसन्सच्या विक्रीकडे वळलो. वर्षाचे लायसन्स विकायचे, गिऱ्हाइकाच्या माणसांना वापर शिकवायचा आणि वर्ष संपले की रिन्यूअल करायचे, असे ते काम होते. शिडी, ड्रिल आणि केबलचे बंडल घेऊन हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांना हा धंदा फार सुटसुटीत वाटला, हे सांगायलाच हवे.

22 मार्च 2020 चा जनता कर्फ्यू आणि 25 मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी यानंतर आमचा फोन थांबेना. शाळा, शिकवणी वर्ग, डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट, गांधीबाग आणि इतवारीतील व्यापारी, सर्वांना एकाच आठवड्यात सगळे हवे होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील सुनावण्या व्हिडिओवर होऊ लागल्या, तेव्हा आयुष्यभर न्यायासनासमोर उभे राहून युक्तिवाद केलेल्या ज्येष्ठ वकिलांना कॅमेऱ्याची उंची, मागचा उजेड आणि म्युटचे बटण समजावून देणे हेही आमचेच काम झाले. सीताबर्डीच्या बाजारात वेबकॅम मिळेनासे झाले आणि जे मिळत ते दुप्पट भावाने. जगभर हीच परिस्थिती होती. डिसेंबर 2019 मध्ये झूमवरील बैठकांत दररोज सहभागी होणाऱ्यांची संख्या सुमारे 1 कोटी होती, ती एप्रिल 2020 मध्ये 30 कोटींवर गेली.

त्याच एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम हे सुरक्षित माध्यम नसल्याची सूचना काढली आणि सरकारी अधिकाऱ्यांनी कामकाजासाठी ते वापरू नये असे कळवले. मग पर्यायांची रीघ लागली. जुलै 2020 मध्ये जिओमीट आले, त्याच महिन्यात एअरटेलने ब्लूजीन्स भारतात आणले, आणि स्वदेशी प्लॅटफॉर्मसाठी केंद्र सरकारने घेतलेल्या स्पर्धेत केरळातील आलप्पुळाच्या टेकजेन्शिया या लहान कंपनीचे व्हीकन्सोल पहिले आले. एका लहान गावातील लहान कंपनी त्या स्पर्धेत जिंकली याचा आम्हाला मनापासून आनंद झाला होता, आणि आजही त्या निकालाची आठवण आम्हाला उमेद देते.

मात्र ज्या दिवसांत मागणी शिगेला पोहोचली होती, त्याच दिवसांत या व्यवसायाच्या उतरणीची बीजे पेरली गेली, असे आमचे स्पष्ट मत आहे. मे 2020 पासून गुगलने मीट हे जीमेलचे खाते असलेल्या प्रत्येकाला विनामूल्य खुले केले. मायक्रोसॉफ्टचे टीम्स तर 2017 पासूनच ऑफिसच्या वर्गणीत समाविष्ट होते; ज्या कार्यालयाने वर्ड, एक्सेल आणि मेलसाठी पैसे भरले, त्याच्या हाती बैठकीची सोय वेगळा रुपया न मोजता पडत होती. ज्या कंपन्यांचे पोट जाहिरातींवर किंवा ऑफिसच्या वर्गणीवर भरते, त्यांना बैठक फुकट देणे परवडते. जिचे पोट केवळ बैठकीवर भरते, तिला ते परवडत नाही. इतवारीतील एका धान्य व्यापाऱ्याने रिन्यूअलचे कोटेशन पाहून आम्हाला विचारले होते, “भाऊ, हे फुकटात भेटते ना, मंग पैसे कायले द्याचे?” त्यांच्या प्रश्नाला झूमच्या फुकट बैठकीची चाळीस मिनिटांची मर्यादा, रेकॉर्डिंग, सहभागींची संख्या अशी उत्तरे आमच्याकडे होती, परंतु चार भागीदारांच्या अर्ध्या तासाच्या बैठकीला त्यातील एकही लागू पडत नव्हते.

पुढे जे घडले ते आकड्यांत स्पष्ट दिसते. जानेवारी 2020 अखेरच्या आर्थिक वर्षात झूमचा महसूल सुमारे 62 कोटी डॉलर होता, तो पुढच्या वर्षी 265 कोटींवर गेला, म्हणजे चौपटीहून अधिक झाला. त्यानंतर वाढीचा वेग 55 टक्के, मग 7 टक्के आणि जानेवारी 2024 अखेरच्या वर्षात जेमतेम 3 टक्के असा उतरत गेला. ऑक्टोबर 2020 मध्ये 560 डॉलरांच्या वर गेलेला झूम कंपनीचा शेअर 2022 च्या अखेरीस 70 डॉलरांच्या खाली होता. कॉल सेंटरच्या क्षेत्रात पाय रोवण्यासाठी फाइव्हनाइन ही कंपनी सुमारे 1,470 कोटी डॉलरांना घेण्याचा तिचा व्यवहार सप्टेंबर 2021 मध्ये मोडला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तिने सुमारे 1,300 जणांना, म्हणजे आपल्या 15 टक्के कर्मचाऱ्यांना, कामावरून कमी केले. तरीही ती कंपनी नफ्यात राहिली, हे तिच्या बाजूने आवर्जून नोंदवले पाहिजे.

इतरांचे हाल याहून वाईट झाले. टाळेबंदीच्या ऐन भरात व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीने विकत घेतलेले ब्लूजीन्स मार्च 2024 अखेर बंद करण्यात आले. मित्रमंडळींच्या गप्पांसाठी गाजलेले हाउसपार्टी त्याआधीच, 2021 मध्ये, थांबले होते. 2019 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि ऑगस्ट 2021 मध्ये 775 कोटी डॉलर मूल्यांकन मिळवलेल्या होपिन या कंपनीला दोनच वर्षांत आपला ऑनलाइन कार्यक्रमांचा व्यवसाय रिंगसेंट्रल या दुसऱ्या कंपनीला अत्यल्प किमतीत विकावा लागला. आणि मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये 850 कोटी डॉलर मोजून घेतलेले स्काइप, ज्याने परदेशी शिकणाऱ्या मुलांचे चेहरे नागपूरच्या कितीतरी घरांना पहिल्यांदा पडद्यावर दाखवले, ते 5 मे 2025 रोजी कायमचे बंद झाले.

ऑफिसच्या वर्गणीत टीम्स गुंफून देण्याविरुद्ध स्लॅक या कार्यालयीन संदेशांच्या ॲपच्या कंपनीने 2020 मध्येच युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती. आयोगाने औपचारिक चौकशी सुरू केली ती जुलै 2023 मध्ये, आणि मायक्रोसॉफ्टने जगभर टीम्स वेगळे विकण्याची घोषणा केली ती एप्रिल 2024 मध्ये. या चार वर्षांत बाजाराची वाटणी होऊन गेली होती. एकदा कार्यालयातील सगळ्यांची कॅलेंडर, फाइल आणि बैठका एका ठिकाणी बसल्या की दोनशे रुपये वाचतात म्हणून कोणी त्या उपटून दुसरीकडे लावत नाही. न्याय उशिरा मिळाला तर लहान स्पर्धकाच्या तो कामी येत नाही, हे आम्ही आमच्याच यादीतील गिऱ्हाइकांवरून सांगू शकतो.

डीलर म्हणून आमच्या पदरी काय आले, तेही सांगतो. एका कंपनीने डीलरचे मार्जिन वर्षागणिक घटवत नेले आणि नंतर, आम्ही मिळवून दिलेल्या गिऱ्हाइकांना रिन्यूअलसाठी थेट मेल पाठवण्यास सुरुवात केली; त्यात आमच्या खरेदी दरापेक्षाही कमी दर दिलेला असे. घसरत्या बाजारात कंपनीला वाचवायचा असतो तो मधल्या माणसाचा वाटा, हे व्यवहाराच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. तरी ज्यांच्या मुलांचे वर्ग रात्री अकराला अडकले तेव्हा फोन आम्ही उचलला होता, ती गिऱ्हाइके अशी परस्पर वळवली गेली याचे दुःख आम्हाला झाले, आणि ते अजून आहे.

त्याच सुमारास आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप बदलत होते. 2022 पासून कार्यालये पुन्हा भरू लागली, डिसेंबर 2022 मध्ये दोन वर्षांच्या खंडानंतर विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले, आणि लोक बैठकीच्या खोलीत परतले. मात्र बैठकीतील निम्मी माणसे पुण्यात, मुंबईत किंवा घरीच राहिली. टाळेबंदीत प्रत्येक जण आपल्या लॅपटॉपपुढे एकटा बसत असे, त्यामुळे आवाज नीट येई. आता आठ माणसे एका लांब टेबलाभोवती बसतात, एकच लॅपटॉप मधे ठेवतात आणि टोकाला बसलेल्या माणसाचे बोलणे पलीकडे पोहोचतच नाही. सॉफ्टवेअर फुकट असो वा विकतचे, ही अडचण दोन्हीकडे सारखीच होती आणि ती सोडवण्यासाठी खोलीत जाणे भाग होते.

हिंगण्याच्या एका कारखान्यातील काम येथे सांगण्याजोगे आहे. मे महिना होता आणि बैठकीच्या खोलीत भिंतीएवढा कूलर चालू होता. कूलरला मोकळी हवा लागते, म्हणून खिडक्या उघड्या, आणि खिडकीबाहेर ट्रकची वर्दळ. खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेचे पार्टिशन. त्यांनी नामांकित कंपनीचा महागडा कॅमेरा-बार (कॅमेरा, माइक आणि स्पीकर एकत्र असलेली पट्टी) आधीच घेतला होता आणि तो बदलून मिळावा असा त्यांचा आग्रह होता. प्रत्यक्षात बारमध्ये दोष नव्हता. बोलणाऱ्याचे अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत पोहोचणारा त्याचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, परंतु खोलीत घुमणारा आवाज आणि कूलरची घरघर मात्र तेवढीच राहते. मग गोंगाट काढून टाकणारे सॉफ्टवेअर घरघरीबरोबर शब्दांची शेवटची अक्षरेही खाऊन टाकते. आम्ही टेबलाच्या दोन्ही टोकांना जोड-माइक बसवले, काचेवर जाड पडदे लावले, मागच्या भिंतीवर ध्वनिशोषक पॅनेल ठोकले आणि कूलरऐवजी एसी बसवण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात मानला. पुण्याच्या मुख्य कार्यालयातील माणसाने “आता टोकाचे साहेबही ऐकू येतात” असे सांगितले, तेव्हा आमच्या तंत्रज्ञ मुलांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते लायसन्सच्या कोणत्याही मोठ्या ऑर्डरने आम्हाला दिले नव्हते.

त्यानंतर आम्ही लायसन्सची विक्री जवळजवळ थांबवली आणि खोलीचे काम हेच मुख्य काम केले. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांतही उलथापालथ झाली आहे. पॉलिकॉम आणि प्लँट्रॉनिक्स यांच्या एकत्रीकरणातून झालेली पॉली ही कंपनी 2022 मध्ये एचपीकडे गेली. म्हणून आम्ही कोटेशनमध्ये केबल, माइक आणि ध्वनिशोषणाचे काम एका भागात आणि प्लॅटफॉर्मशी बांधलेली उपकरणे दुसऱ्या भागात दाखवतो, जेणेकरून उद्या प्लॅटफॉर्म बदलला किंवा बंद पडला तरी गिऱ्हाइकाचा पहिला खर्च वाया जाऊ नये. शक्य असेल तेथे कोणताही लॅपटॉप यूएसबीच्या एका वायरने जोडता येईल अशीच रचना आम्ही सुचवतो. त्यात आमची विक्री थोडी कमी होते, परंतु एएमसी टिकते, आणि नागपूरसारख्या शहरात फर्म उभी राहते ती एएमसीवर.

सध्या आमचा बराच वेळ मीटिंग रूममधील जुन्या छोट्या संगणकांच्या तपासणीत जातो. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला आणि 2020-21 च्या घाईत बसवलेली अनेक यंत्रे त्याच आवृत्तीवर चालत आहेत. त्यांतील कोणती विंडोज 11 वर नेता येतील आणि कोणती बदलावीच लागतील याची खोलीनिहाय यादी आम्ही एएमसीच्या गिऱ्हाइकांना विनाशुल्क करून देत आहोत. बुटीबोरीकडील कामे आटोपत आली आहेत. नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातील कार्यालये त्यानंतर घेणार आहोत.