कटग्लासची नोंदवही: चौथा पेला आणि ऑस्लरच्या बाहुल्यांचे डोळे

काल सकाळी साडेसहाला चौथ्या पेल्यावरची आठवी खाच पुरी झाली. आठही खाचा उभ्या सरळ, खोली जवळपास सारखी आणि पेल्याला कुठे तडा नाही. कटग्लास म्हणजे फिरत्या चाकावर धरून काचेवर खाचा आणि पैलू पाडणं; तेच मी शिकतोय. फेब्रुवारीपासून या सकाळची वाट पाहत होतो, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

सामान मागच्या वेळचंच. अर्ध्या हॉर्सपॉवरची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची जुनी मोटर. पुली लावून वेग निम्म्यावर आणलाय. जयपूरहून मागवलेलं सहा इंची डायमंड व्हील, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेलं चाक, इंग्रजी व्ही आकाराच्या धारेचं. पाण्यासाठी सलाईनची बाटली आणि नळी. थेंब कमीजास्त करायला त्या नळीवरच्या चाकीइतकी सोयीची गोष्ट मला अजून मिळालेली नाही. पेले जाड बुडाचे, साध्या काचेचे, नागपूरच्या इतवारीतून डझनाच्या भावाने आणलेले. मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणी सकाळी दहालाच चटके देतं, त्यामुळे काम पहाटे साडेचार ते सात एवढंच. मास्क आणि चष्मा न चुकता, आणि कोरड्या चाकाला काच कधीच लावायची नाही. काचेची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

पहिला पेला दाबामुळे तडकला. दुसऱ्याच्या खाचा नागमोडी आल्या, तिसऱ्याच्या एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला ओरखड्यासारख्या. खुणा मात्र तिन्हींवर अचूक होत्या: कागदाची पट्टी पेल्याभोवती गुंडाळायची, तीनदा निम्मी दुमडायची, आठ भाग तयार. म्हणजे मोजमाप बरोबर आणि हात चुकतोय, पण कुठे चुकतोय ते कळत नव्हतं. जेवढं वाचायला मिळालं तेवढं वाचून झालं होतं.

त्याच वाचनात बर्मिंगहॅमच्या ऑस्लर घराण्यापाशी अडकलो. उदयपूरला फतेहप्रकाश पॅलेसमध्ये जी स्फटिकासारखी खुर्च्या-टेबलं, सोफे, चक्क पलंग ठेवलाय, ते सगळं यांच्या कारखान्यातलं. महाराणा सज्जनसिंहांनी १८७७ मध्ये मागणी नोंदवली, १८८४ मध्ये ते गेले आणि पेट्या पोचल्या त्या त्यांच्या माघारी. पुढे शंभरेक वर्षं तो माल पेट्यांमध्येच पडून होता. मी तिथे गेलो तेव्हा पलंगाच्या पायाजवळ उकिडवा बसून एकाच पैलूची कड बराच वेळ पाहत होतो. कड इतकी तीक्ष्ण आणि तरी इतकी गुळगुळीत की चाक कुठे थांबलं ते शोधून सापडत नाही.

हा कारखाना १८०७ मध्ये थॉमस ऑस्लर यांनी सुरू केला. सुरुवात झुंबराच्या लोलकांपासून आणि काचेच्या बारीकसारीक वस्तूंपासून. १८३१ मध्ये फॉलेट आणि क्लार्कसन या मुलांनी कारभार हाती घेतला आणि पाटी झाली ‘एफ. अँड सी. ऑस्लर’. यातल्या फॉलेटने वाऱ्याचा वेग आपोआप नोंदणारं यंत्रही बनवलं होतं, त्यामुळे त्याच्या हातची मापं कशी असतील याची कल्पना येते. इंग्लंडमध्ये तोवर काचेवर वजनाप्रमाणे कर होता, १७४५ पासून. जाड काच म्हणजे जास्त कर, आणि खोल पैलू पाडायचे तर काच जाडच हवी. १८४५ मध्ये तो कर उठला आणि सहाच वर्षांनी ऑस्लरांनी लंडनच्या महाप्रदर्शनात, त्यासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या इमारतीच्या मधोमध, २७ फूट उंचीचं आणि चार टन काचेचं कारंजं उभं केलं. पुढे १९३६ च्या आगीत क्रिस्टल पॅलेस जळाला, त्यात तेही गेलं. कलकत्त्याला त्यांची पेढी होती आणि संस्थानिकांच्या दरबारी दिवाणखान्यांत त्यांची झुंबरं लागली.

पण मला या सगळ्याहून मोलाची वाटते ती थोरल्या, म्हणजे थॉमस ऑस्लरांनी १८२४ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितलेली हकीकत. तरुणपणी ते पहिल्यांदा लंडनला गेले तेव्हा एका सद्गृहस्थाने विचारलं, बाहुल्यांचे डोळे पुरवाल का? ऑस्लरांना ते कमीपणाचं वाटलं. मग त्याने एका खोलीत रचलेल्या बाहुल्यांच्या हातापायांच्या राशी दाखवल्या आणि ऑर्डर लिहून दिली. बेरीज केली तर पाचशे पौंडांच्या वर! बर्मिंगहॅमला परतल्यावर मात्र त्यांच्या चांगल्या कारागिरांनाही ते डोळे जमेनात, आणि ऑर्डर सोडावी लागली. कित्येक वर्षांनी एक कारागीर भेटला, दारूने कंगाल झालेला, क्षयाने मरणपंथाला लागलेला. दहा सुवर्णनाणी पाहून तो रीत सांगायला तयार झाला. ऑस्लर रोज काच हाताळणारे, तरी त्याच्या सांगण्यावरून त्यांना काहीच करता येईना. मग तो त्यांना आपल्या माळ्यावरच्या खोलीत घेऊन गेला. त्याने तीन डोळे करेपर्यंत ऑस्लरांना खात्री पटली की आता आपण बारा डझन करू शकतो. आपल्या माणसांच्या आणि त्याच्या पद्धतीत फरक इतका किरकोळ होता की ते थक्क झाले.

हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकं बाजूला ठेवून नागपूरच्याच महाल भागातल्या एका गल्लीत गेलो. तिथे आरशांच्या कडांना बेवल मारणारे, म्हणजे कडा तिरप्या घासणारे, एक काका आहेत, सत्तरीचे. आता काम मशीनवरच जातं, पण जुनं उभं चाक कोपऱ्यात अजून आहे. तिसरा पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरून फिरवला आणि म्हणाले, “काऊन एवढं दाबून राहिले जी? अन् पाहता कुठून?”

मी मान वाकवून बाजूने पाहत होतो. त्यांनी चाक सुरू केलं, पेला आडवा चाकावर धरला आणि आतून पाहिलं. पेल्याच्या तोंडातून, काचेच्या आरपार. खूण बाहेरच्या अंगाला, चाक तिच्या खाली आणि नजर आतल्या अंगाने थेट चाकाच्या धारेवर. दाब म्हणून काही नव्हताच. पेल्याचं वजन चाकावर होतं आणि दोन्ही अंगठे फक्त दिशा देत होते. आवाज बारीक, सलग येत होता. माझा यायचा तो खरखरीत, तुटक. दोन खाचा पाहिल्या, तिसरी माझ्याकडून करून घेतली. ही ‘चाकावर धरून आरपार पाहायची’ रीत मी आधी वाचली होती, अगदी शब्दशः. वहीत लिहूनही ठेवली होती.

पॉलिश अजून मनासारखं नाही. सिरियमची पॉलिश पावडर, फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) चाक आणि चार खाचांना जवळजवळ सहा तास. पूर्वी लाकडाच्या चाकावर कथिलाच्या ऑक्साईडची भुकटी लावून करायचे. त्यांची काच शिशाची, मऊ, लवकर चकाकी धरणारी. आपली साधी काच कडक आहे, वेळ घेणारच. शिशाची जुनी भांडी कापायला घेऊ नका असंच सांगेन, कापताना साचणाऱ्या चिखलात शिसं उतरतं.

पुढचं काम बुडाची सोळा टोकांची चांदणी. आरपार आठ खाचा, सगळ्या एका बिंदूतून जायला हव्यात, आणि तिथेच काचेचे बारीक त्रिकोणी टवके उडतात असं ऐकलंय. पट्टी चारदा दुमडून तयार आहे. ज्यांनी चांदणी पाडली आहे त्यांनी मधून सुरुवात करावी की कडेने ते सांगावं. आणि कुणी नागपुरात असाल तर रविवारी पहाटे या, तुमच्या हाताने एक खाच मला दाखवा. बारा पेल्यांतले आठ अजून कोरे आहेत.