ख्रिसमस ट्रीची वाटी, बल्ब लावून केलेली

गेल्या जूनमध्ये पावसाच्या पहिल्याच दणक्यात आमच्या शेजारच्या सोसायटीतलं ख्रिसमस ट्री आडवं झालं. कापून गेटपाशी ढीग लावला होता, मी वॉचमनकाकांना विचारलं तर म्हणाले, "न्या ना, सकाळी गाडी येऊन उचलणारच आहे." मग दोन ओंडके स्कूटरवर पायाशी ठेवून थेट ठाण्यातल्या वागळे इस्टेटला आतेभावाच्या गाळ्यात, तिथे कोपऱ्यात माझा लेथ आहे, म्हणजे लाकूड गोल फिरवत कातायचं यंत्र.

आपल्याकडे बंगल्यांसमोर जे ख्रिसमस ट्री म्हणून लावतात ते बहुतेक वेळा अरॉकेरिया असतं, म्हणजे नॉरफॉक आयलंड पाइन नाहीतर त्याचा भाऊबंद कुक पाइन. नावात पाइन असला तरी खऱ्या पाइनच्या कुळातला नाही. नॉरफॉक बेट ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मध्ये आहे, 1774 मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचला आणि एवढे उंच सरळ बुंधे बघून त्याला वाटलं जहाजाच्या डोलकाठ्या झाल्या, पण त्या कामाला हे लाकूड कमजोर निघालं. वाटीला मात्र हेच लाकूड पाहिजे. या झाडाच्या फांद्या एकाच उंचीवर चहूबाजूंनी फुटतात, त्यामुळे गाठी पण एका रांगेत गोल येतात आणि प्रत्येक गाठ पार मधल्या गाभ्यापर्यंत गेलेली असते. ओंडका लेथवर लावताना गाभा बरोबर मधोमध ठेवला की वाटीच्या भिंतीवर गाठींचं कडं येतं, आणि वरून आत बघितलं तर चांदणी.

ओंडका ओला असतानाच कातायचा. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, ढलप्या लांबच लांब रिबिनीसारख्या उडतात आणि तोंडावर पाण्याचे शिंतोडे येतात. अवघड काम आतली बाजू, कारण भिंत दोन मिलिमीटरपर्यंत आणायची असते. जाडी मोजायचा कॅलिपर आहे माझ्याकडे, पण दर वेळी लेथ थांबवून मोजत बसलो तर हात तुटतो, म्हणजे लय जाते. खरं माप उजेडाचं. वाटीच्या बाहेरच्या बाजूला बल्ब लावायचा, गाळ्यातले बाकी दिवे बंद करायचे आणि आतून बघत कापायचं. आधी काहीच दिसत नाही, मग एकदम मंद लाल, निखारा राखेखाली असतो तसा, मग केशरी, आणि मधासारखा पिवळा झाला की थांबायचं. जिथे पट्टा काळपट दिसतो तिथे भिंत अजून जाड, तेवढंच काढायचं. गाठी मात्र शेवटपर्यंत लालच राहतात, त्यांना बघून फसायचं नाही.

दुसरं म्हणजे काठ आधी पूर्ण करायचा. वरचा तीनेक सेंटिमीटरचा भाग अगदी फायनल जाडीला आणायचा, मग त्याखालचा, मग त्याखालचा, आणि वर परत जायचं नाही. कारण पातळ ओलं लाकूड लगेच वाळायला लागतं आणि गोलाचं लंबगोल होतं, त्यात आधार नसल्यामुळे कंप सुटतो. पहिल्या वाटीला मी तळापर्यंत पोचलो होतो, काठ किंचित जाड वाटला म्हणून गाउज, म्हणजे कातायची पन्हळी छिन्नी, परत वर नेला, आवाज बदलला तो ऐकला पण हात काढेपर्यंत तीन तुकडे झाले होते. दोन शनिवारचं काम होतं ते. खूप वाईट वाटलं, त्या दिवशी दुसरा ओंडका लावलाच नाही.

दुसरी टिकली. तळाला गाभ्यापाशी केसाएवढी चीर गेली होती, तिच्यात पातळ इन्स्टंट ग्लू सोडला. आठ दिवस कागदाच्या पिशवीत वाळवली आणि मग तेल. वडापावच्या कागदावर तेलाचा डाग पडला की पलीकडचं दिसायला लागतं ना, अगदी तेच इथे होतं. लाकडाच्या पेशींमध्ये हवा असते आणि ती उजेड इकडेतिकडे विखरून टाकते, हवेच्या जागी तेल शिरलं की उजेडाला अडथळा कमी होतो, कारण तेलात आणि पेशींच्या भिंतीत प्रकाश जवळपास सारखाच वळतो. हवाईमधल्या होनोलुलूचे रॉन केंट, पेशाने शेअर ब्रोकर, याच झाडाचे मोठाले बाउल पुन्हा पुन्हा तेलात भिजवून आणि पुन्हा पुन्हा घासून करायचे, आतून दिवा लावल्यासारखे दिसतात ते. मी रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड वापरतो, म्हणजे आपलं जवसाचंच. रात्रभर भिजवायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, बारीक काचपेपर, परत तेल. पावसाळ्यात ठाण्यात हे वाळायला जीव खातं, सहा वेळा करेपर्यंत ऑगस्ट उजाडला.

आणि हे प्लीज नीट वाचा, तेल पुसलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी पाण्यात बुडवतो, मग दोरीवर मोकळी पसरून वाळत घालतो.

घरी आणली तेव्हा आईने खिडकीपाशी उन्हात धरली. बोटं पलीकडून दिसत होती. म्हणाली, "अगं बाई, तांदळाच्या पापडासारखी आहे रे ही," आणि मग बराच वेळ ती फिरवत गाठी मोजत होती. सात आहेत.

ओंडक्याचा उरलेला तुकडा मी मुद्दाम प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाळ्यात ठेवलाय, दमट हवेत बुरशी लागून लाकडात निळ्या-करड्या छटा आणि काळ्या रेघा येतात आणि त्या उजेडात फार सुंदर दिसतात. काल उघडून बघितलं, एका टोकाला करडी छटा धरलीये. फार ठेवला तर सडेल, म्हणून येत्या शनिवारीच लेथवर चढवतोय.