वॉरंटीतला फोटो प्रिंटर आणि मॅजेन्टाची तुटलेली रेघ : माझा अनुभव

घरच्या घरी फोटो छापण्याचा छंद असलेल्या नागपूरकरांसाठी हा अनुभव मी सविस्तर लिहीत आहे. लेन्स, कागद, रंगांची जुळवाजुळव यांवर वाचायला पुष्कळ मिळते. परंतु वॉरंटीत असलेला प्रिंटर सर्व्हिस सेंटरकडून दुरुस्त करून कसा घ्यायचा, याविषयी कुठे काही सापडत नाही. माझी सगळी शक्ती नेमकी तिथेच खर्च झाली आणि त्याचा राग अजूनही गेलेला नाही.

मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, निवडण्यात फारसा त्रास झाला नाही. १०० मिलिमीटरची, १:१ प्रमाण देणारी लेन्स मी घेतली. १:१ म्हणजे एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही एक सेंटिमीटरचाच उमटतो. इतक्या जवळून एफ/८ ला (म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान केल्यावरही) स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा असतो, त्यामुळे फोकसच्या रिंगला हात न लावता स्वतःच किंचित पुढे-मागे होऊन फोकस साधणे मला सोपे वाटते. अंबाझरीच्या परिसरात पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर फिरणारा मृगाचा किडा मी या लेन्सने टिपला. त्याच्या अंगावरची लाल मखमल, त्या मखमलीतला एकेक केस कागदावर दिसावा, एवढ्याच इच्छेपोटी सहा रंगांचा, इंक टँक (पुन्हा भरता येणाऱ्या शाईच्या टाक्या) असलेला फोटो प्रिंटर घरी आला.

सुरुवातीचे महिने उत्तम गेले. प्रिंट संगणकाच्या पडद्यापेक्षा काळपट येते अशी तक्रार अनेक जण करतात. बहुतेक वेळा दोष प्रिंटरचा नसून पडद्याच्या अवाजवी उजेडाचा असतो. पडद्याची प्रखरता प्रति चौरस मीटर ८० ते १२० कॅन्डेलाच्या दरम्यान आणली, की बराचसा प्रश्न सुटतो. कागदाची प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतील हे सांगणारी फाइल) फोटो सॉफ्टवेअरमध्ये निवडली असेल, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील रंगदुरुस्ती बंद करावी, नाहीतर एकाच चित्रावर दोनदा संस्कार होऊन रंग बिघडतात.

मग ऐन मे महिन्यात मृगाच्या किड्याची प्रिंट लाल यायच्या ऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी मोहरीसारखी पिवळी येऊ लागली. लाल रंग मॅजेन्टा (गडद गुलाबी शाई) आणि पिवळा मिळून तयार होतो. मॅजेन्टा गळाला, की उरतो तो पिवळा. नोझल चेक, म्हणजे शाई सोडणाऱ्या प्रिंट हेडमधली बारीक छिद्रे (नोझल) चालू आहेत का हे दाखवणारे चाचणीचे पान, काढला तेव्हा बाकीच्या पाच रंगांच्या बारीक रेघा सलग होत्या आणि मॅजेन्टाच्या जाळीत डाव्या बाजूला सलग रिकामी जागा होती. हेड क्लीनिंग (शाई ओढून छिद्रे साफ करण्याची प्रिंटरमधलीच सोय) केले, माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मशीन रात्रभर बंद ठेवले, पुन्हा चेक काढला. रिकामी जागा जिथल्या तिथे होती. ही खूण महत्त्वाची आहे. प्रत्येक चेकमध्ये तुटलेल्या रेघा जागा बदलत असतील, तर शाईच्या मार्गात हवा शिरल्याची किंवा शाई नीट न पोहोचल्याची शक्यता अधिक असते. त्याच त्या रेघा कायम गायब असतील, तर नोझल बुजले आहे किंवा हेडच निकामी झाले आहे असे समजावे.

प्रिंटर घेऊन मी शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने झाकणही न उघडता सांगितले, "मॅडम, वापर कमी असला की शाई वाळते. हे वॉरंटीत बसत नाही." मी दर आठवड्याला छापते, असे सांगितल्यावर कारण बदलले. आता नागपूरच्या उन्हाळ्याकडे बोट दाखवले गेले. अनेक घरगुती इंकजेट प्रिंटरच्या पुस्तिकेत वापरासाठी १० ते ३५ अंश सेल्सियस तापमान दिलेले असते, हे खरे आहे आणि इथला मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो, हेही खरे आहे. परंतु प्रिंटर अंगणात ठेवलेला नव्हता, कूलर चालू असलेल्या खोलीत होता. आणि नागपुरात विकलेल्या यंत्राच्या बाबतीत नागपूरचा उन्हाळा ही सबब कंपनीने पुढे करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यावर दुसऱ्या कंपनीचा कागद वापरल्याचा मुद्दा निघाला. कागदामुळे एकाच रंगाची ठरावीक नोझल कशी बंद पडतील, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

त्यानंतरचे दिवस फक्त वाट पाहण्यात गेले. तंत्रज्ञ बाहेर आहेत, सुटा भाग मागवला आहे, वरून मंजुरी यायची आहे, अशी उत्तरे फोनवर मिळत राहिली. दरम्यान मला "अजून चार-पाचदा क्लीनिंग करून बघा" असा सल्ला देण्यात आला, तो मी मानला नाही आणि तुम्हीही मानू नका. प्रत्येक क्लीनिंगमध्ये ओढून काढलेली शाई प्रिंटरमधल्या शोषक पॅडमध्ये साठते आणि ते पॅड भरल्याची नोंद झाली, की प्रिंटर छापायचेच थांबतो. म्हणजे एका दुरुस्तीसाठी गेलेल्या माणसाच्या गळ्यात दुसरी दुरुस्ती पडते.

काम हलले ते कागदामुळे. प्रिंटर घरी बसवला त्या दिवसापासून मी दर रविवारी साध्या कागदावर नोझल चेक काढून त्यावर तारीख टाकत आले आहे, आणि याचा मला अभिमान आहे. ती सगळी पाने एका फायलीत होती. पहिल्या दिवसाचे सलग रेघांचे पान, दोष दिसला त्या दिवसाचे पान आणि क्लीनिंगनंतरची पाने यांचे फोटो, बिल व सीरियल नंबरसह मी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने पाठवले आणि एकच प्रश्न विचारला : वॉरंटी कोणत्या अटीखाली नाकारली जात आहे, ते लेखी कळवावे. शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तोंडी नकार देणे सोपे असते, तोच नकार अट दाखवून लिहून देणे अवघड असते. काही दिवसांत सेंटरमधूनच फोन आला आणि प्रिंट हेड वॉरंटीत बदलून मिळाले. ती बातमी ऐकून मला हायसे वाटले. पण जे पहिल्या दिवशी व्हायला हवे होते, त्यासाठी ग्राहकाला एवढी कागदपत्रे उभी करावी लागावीत, हे मला मुळीच मान्य नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती : जॉब शीट (मशीन दुरुस्तीला घेतल्याची सेंटरची नोंद) हातात पडल्याशिवाय मशीन काउंटरवर सोडू नये. त्यावर "प्रिंट येत नाही" असे मोघम न लिहू देता "मॅजेन्टाच्या ठरावीक रेघा गायब, क्लीनिंगनंतरही तशाच" असा नेमका दोष आणि प्रत्येक टाकीतल्या शाईची पातळी लिहून घ्यावी. इंक टँक प्रिंटर नेताना आडवा-तिरपा करू नये. वाहतुकीचा खटका (शाईचा मार्ग बंद करणारा) असेल तर तो आधी बंद करावा. रिक्षात मी तो मांडीवर सपाट धरून नेला होता.

उन्हाळ्यात कागदाचीही काळजी घ्यावी लागते. कूलरच्या दमट हवेने फोटो पेपरच्या कडा वळतात आणि त्या हेडला घासतात, म्हणून पाकीट बंद ठेवून लागतील तेवढेच कागद बाहेर काढावेत. छापलेला फोटो लगेच काचेच्या फ्रेममध्ये घालू नये, निदान एक दिवस सुकू द्यावा.

मशीन परत घेताना नोझल चेक तिथेच काढून घ्या आणि मगच सही करा. हेड बदलल्यावर हेड अलाइनमेंट, म्हणजे रेघा व रंग नेमके जागेवर पडावेत यासाठीची जुळणी, करावी लागते. सेंटरने ती केली आहे का, हे विचारा, नसेल तर घरी आल्यावर करा. माझ्या नेहमीच्या कागदाची जुनी प्रोफाइल नव्या हेडलाही चालली, मात्र मोठ्या आकाराची प्रिंट काढण्यापूर्वी त्याच फोटोचा लहान तुकडा छापून दिवसाच्या उजेडात तपासून घ्यावा.