कांडपाच्या रांगेत नोबिता

मे महिन्यात कोल्हापुरात कुणी शिंकलं तर ‘सर्दी झाली काय’ असं विचारत नाहीत. ‘चटणी झाली काय’ असं विचारतात.

आमची वर्षाच्या तिखटाची चटणी यंदा उशिरा झाली. मिरच्यांचे देठ काढा, त्यांना ऊन दाखवा, खोबरं किसा, कांदा वाळवा, धने-तीळ-खसखस भाजा, यात पंधरवडा गेला. शेवटी एका दुपारी दोन वाजता दोन डबे घेऊन, एक नवा आणि एक जुना, मी मिरची कुटणाऱ्या कांडपाच्या रांगेला लागले. ही रांग डब्यांची असते. माणसं समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर सावलीला बसतात आणि डबे उन्हात नंबर धरून उभे राहतात. तोंडाला पंचा गुंडाळलेला कांडपवाला एकेक डबा उचलतो, त्याच्यावरचं नाव वाचतो आणि हाक मारतो. चिठ्ठी नाही, टोकन नाही. लोखंडी मुसळं खाली-वर होत असतात, दारातून लाल धुरळा बाहेर येत असतो आणि पायरीवरची झाडून सगळी माणसं डोळे पुसत गप्पा मारत असतात. संकेश्वरी मिरची किती घेतली आणि ब्याडगी किती, हे मात्र शेजारणीला विचारायचं नसतं. ती सांगते, पण खरं सांगत नाही.

पायरीच्या वरच्या टोकाला चार पोरं बसली होती. डब्यांवर लक्ष ठेवायला पाठवलेली. डब्यांकडं त्यांची पाठ होती.

“त्यानं दप्तर दाखवलं, मग वळकलं तिनं!”

“न्हाई रं, आधीच वळकलेलं!”

“मग बोलली का न्हाई लगेच?”

मला वाटलं, फुटबॉल. आमच्याकडं या पट्टीतला आवाज फुटबॉललाच लागतो. शाहू स्टेडियमवरचा एखादा ऑफसाइड इथं पेठेतल्या कट्ट्यावर दहा-दहा वर्षं चघळला जातो, आणि ज्यानं तो गोल दिला नाही त्या पंचाच्या घराण्याचा उद्धार पुढची पिढीही इमानानं करते. पण फुटबॉलात दप्तर कुठून आलं? मग एकाच्या तोंडून ‘नोबिता’ निघालं आणि उलगडा झाला.

डोरेमॉन म्हणजे खिशातून हवं ते काढणारा यांत्रिक बोका, त्याच्या कार्टूनमधला आजीचा एपिसोड.

२००५ नंतर ज्यांच्या घरात पोर वाढलं त्यांना सांगायला नको. चष्मेवाला, रडका, परीक्षेत शून्य आणणारा, एकुलता एक नोबिता. त्याला जुन्या सामानात आपलं कापडी अस्वल सापडतं, आजीनं शिवून सांधलेलं. आजी तो बालवाडीत असतानाच गेलेली. मग टेबलाचा खण उघडायचा, टाइम मशीनमध्ये बसायचं आणि आजी असतानाच्या दिवसांत जायचं. लांबून नुसतं बघून यायचं, असं ठरवून गेलेला असतो तो. पण लांबून नुसतं बघणं कुणाला जमलंय? तिथं आजी बोलता बोलता म्हणते, नोबिताला एकदा शाळेत जाताना बघायचं होतं. हा तडक आपल्या काळात परत येतो, पाठीला दप्तर अडकवतो, पुन्हा तिच्यापुढं जाऊन उभा राहतो आणि विचारतो, मीच नोबिता आहे म्हटलं तर खरं वाटेल का तुला? आजी म्हणते, मला वाटलंच होतं.

भांडण या ‘वाटलंच होतं’वर चाललं होतं.

“मोठी माणसं तसं म्हणत्यातच,” त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला. (त्यांच्यातही एक चष्मेवाला होता, आणि तो नोबिताच्या बाजूनं अजिबात नव्हता.) “माझे मार्क बघितल्यावर माझी आई पण म्हणती, वाटलंच हुतं.”

“खरं मला सांग,” दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, “बिनओळखीचं पोरगं घरात शिरलं तर आजी दचकंल का न्हाई? ती दचकलीच न्हाई. म्हणजे आधीच वळकलेलं तिनं. मी तर लय रडलो ते बघताना.”

परगावच्या वाचकांनी इथं दचकू नये. ‘रडलो’ मुलगीच म्हणाली. आमच्याकडं मुली येतो, जातो, रडलोच म्हणतात. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात हॉस्टेलच्या खोलीत ‘मी जेवून आलो’ म्हणाले आणि पुढचे सहा महिने मला सगळ्या ‘दादा’ म्हणत होत्या. मग मी ‘आले’ म्हणायला शिकले. आता लिहिताना, ऑफिसात, फोनवर अनोळख्याशी बोलताना ‘आले’ येतं. घाई झाली, राग आला, ठेच लागली की आतला ‘आलो’च बाहेर पडतो. आणि ‘खरं’ म्हणजे आमच्यात ‘पण’. तेही आपलं सांगून ठेवते.

तर, सगळ्यात धाकटं जे होतं, पाच-सहा वर्षांचं, ते इतका वेळ बर्फाचा गोळा चोखत होतं. ते म्हणालं, “आजी मरणार हाय हे त्यानं सांगायला पाहिजे हुतं. डोरेमॉनच्या खिशात औषध असंल की.”

कुणी काही बोललं नाही. मुसळांचा आवाज तेवढा येत राहिला.

“तसं करता येत न्हाई,” चष्मेवाला जरा वेळानं म्हणाला. “रूल हाय.”

“कुणाचा रूल?”

“हाय एक.”

मग वेणीवालीनं विषय बदलला. शेवटी आजी कशी लगेच म्हणते, आता तुझी बायको पण बघायची आहे, त्याची तिनं नक्कल केली आणि चौघं पायरीवर लोळायला लागली. मीही हसले. तोक्योतल्या आजीलाही नातवाचं दप्तर बघून झाल्यावर नातसूनच बघायची असते, आणि ती बघितली की पुढं पतवंडं असतातच. ‘एवढं बघितलं की मी मोकळी’ म्हणणारी एकही आजी मी एवढं बघून मोकळी झालेली पाहिली नाही.

मूळची ही गोष्ट १९७० सालची, जपानी कॉमिकमधली. म्हणजे माझ्याहूनही जुनी. ती हिंदी बोलायला शिकून आमच्या पेठेत यायला एवढी वर्षं लागली, आणि आली ती थेट माझ्या पोराला दुपारी सांभाळायला.

आम्ही दोघंही नोकरीला. त्याच्या गळ्यात किल्ली असायची. शाळेतून आला की कुलूप काढायचं, झाकलेलं ताट खायचं आणि टीव्ही लावायचा. त्यामुळं तो भांडायचा हिंदीत आणि माफी मागायचा तीही हिंदीत. दहा-अकरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघराच्या चौकटीवर निळ्या स्केचपेनची एक रेघ. ओरडणार तेवढ्यात त्यानं सांगितलं की डोरेमॉनची उंची १२९.३ सेंटिमीटर असते. माझ्या शिवणाच्या टेपनं मोजून त्यानं आधी डोरेमॉनची रेघ मारली होती आणि मग स्वतः तिला पाठ लावून उभा राहिला होता. “आज आम्ही सेम झालो.” डोरेमॉनला चौथीतल्या पोराएवढाच ठेवलाय. म्हणजे बोलताना मान वर करावी लागत नाही.

शेजारी दुसरी रेघ होती, त्याच्या स्वतःच्या उंचीची. ती तिरकी होती. खूपच तिरकी. स्वतःच्या डोक्यावर हात नेऊन स्वतःच मारली की रेघ तशी येते. मी ‘भिंती खराब करू नकोस’ एवढंच म्हणाले बहुतेक. नंतर दोनदा रंग काढला घराला, तेवढी चौकट सोडून.

पण मुळात ‘एकुलतं एक’ या शब्दाचा मला लहानपणापासून राग आहे. लोक तो उच्चारताना मान तिरकी करतात. एक तर कीव नाहीतर ‘लाडावलेलं असणार’, मधलं काही नाही. मी पण एकुलतीच. मंगळवार पेठेत घर, वडील उद्यमनगरात वर्कशॉपला, आई शाळेत शिकवायला, आणि माझी शाळा सकाळची. दुपारी घरात मी आणि आक्का. आक्का म्हणजे माझी आजी, पण तिला गल्ली आक्का म्हणायची म्हणून मीही आक्काच म्हणायचे.

दुपारभर मी परड्यात फुटबॉल खेळायचे. एकटीच. एका बाजूला पाटाकडील तालमीचा संघ, एका बाजूला खंडोबा तालमीचा, गोलपोस्ट म्हणून न्हाणीघराची भिंत आणि चेंडू म्हणजे मोजा भरलेला मोजा. मुलींना मैदानावर कोण नेणार? पण घरातल्या पुरुषांच्या तोंडून मॅच ऐकून ऐकून मला सगळं तोंडपाठ होतं. कॉमेंट्री मीच करायची. एकदा मी पळून भिंतीकडं मारायचा, मग पळत जाऊन भिंतीकडून परत मारायचा. आक्का उंबऱ्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. बघते आहे असं कधी दाखवायची नाही.

एकदा ती वाटीत भडंग घेऊन आली. दोन वाट्या होत्या. एक तिनं माझ्या हातात दिली आणि दुसरी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. म्हणाली, “तिला पण बोलव. दमलीया ती.”

मी मागं बघितलं. भिंत होती.

मी ‘कुणाला’ असं विचारलं नाही. ‘कोण ती’ असं तिनंही कधी विचारलं नाही. माझी वाटी संपवून मी कट्ट्यावरची घेतली आणि जरा सावकाश खाल्ली, पाहुणी खाते तशी. मग रोजच दोन वाट्या यायला लागल्या. चिरमुरे असोत, शेंगदाणे-गूळ असो, दोन ठिकाणी. दुसरीत कांदा नसायचा. तिला चालत नाही, हे आक्कानं कुठून ठरवलं कोण जाणे. एका दुपारी मी एकाच बाजूनं ओळीनं सात गोल मारले. तेव्हा उंबऱ्यावरून आवाज आला, “एखादा तिला पण मारू दे की गं. रोज हरल्यावर उद्या यील का ती?”

आईनं एकदा भांडी घासताना विचारलं, “या दोन वाट्या कशा? कोण आलं होतं?”

“हिची मैत्रीण,” आक्का म्हणाली आणि वाती वळत बसली.

तो खेळ कधी सुटला आठवत नाही. दोनाची एक वाटी कधी झाली, तेही नाही. मी नववीत असताना आक्का गेली, तेव्हा हे सगळं विसरून झालं होतं. आमचं भांडण चालू होतं तेव्हा, कशावरून तरी, बहुधा केस कापण्यावरून.

पायरीवर ती चौघं आता दुसऱ्याच एका एपिसोडवर घसरली होती, उंदरांनी डोरेमॉनचे कान खाल्ले त्यावर. मला अजून पहिल्यावरच बोलायचं होतं. मध्येच तोंड घालून ‘दचकली नाही हा मुद्दा पक्का आहे’ असं वेणीवालीला सांगावं, असं फार वाटलं. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईनं रस्त्यात नोबितावर मत द्यायचं म्हणजे जरा. त्यापेक्षा मी पोराला मेसेज केला. तो पुण्यात असतो, खोलीवर तिघं आहेत, एकटा नाही.

‘नोबिताच्या आजीनं त्याला कधी ओळखलं? दप्तर बघून की आधीच?’

लगेच उत्तर आलं. ‘काय झालं? बरी आहेस ना?’

मी ‘हो’ लिहिलं. तीन-चार मिनिटांनी पुन्हा वाजला.

‘आधीच. का?’

‘काही नाही. चटणीला आले आहे.’

त्यानं अंगठा पाठवला.

नाक पुसून मी फोन पर्समध्ये ठेवतेय तोवर मुसळं थांबली. कांडपवाल्यानं एक डबा उचलून बाजूला ठेवला, मग दुसरा उचलला आणि त्याच्यावरची पूड तळव्यानं पुसून अक्षरं वाचायला लागला. माझा जुना डबा. भांड्यावर नाव घालायला तेव्हा अक्षरामागं पैसे पडायचे. पूर्ण नाव घातलं असतं तर डब्याएवढाच खर्च झाला असता, म्हणून तिनं दोनच अक्षरं घालून घेतली होती, ठिपक्याठिपक्यांची. त्यातला दुसऱ्याचा काना आता दिसतही नाही नीट.

“आक्का!” त्यानं पंच्याच्या आतून हाक मारली.

पायरीवरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पोरंही वळली.

“ओ, आक्का कोण हाय? डबा झालाय!”

“आलो, आलो,” म्हणत मी उठले.