डाव्या अंगठ्याची शिकवणी : रविवार सहावा

रिमोटवर उडवायचं मॉडेल विमान तेच, फोमचं पायपर कब. पंख 1400 मिमी, बॅटरी थ्री-सेल, 2200 mAh.

दोन वर्षं मी निव्वळ एलेरॉनवर (पंखांच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी पाती) उडवत आलो. ट्रेनरने, म्हणजे शिकाऊ विमानाने, ते खपवून घेतलं, कबने पहिल्याच वळणावर चोरी पकडली. डावीकडे एलेरॉन दिला की विमान डावीकडे कलायचं आणि नाक मात्र उजवीकडे! उजवा एलेरॉन खाली गेला की त्या पंखाची लिफ्ट (उचल) वाढते, पण ड्रॅगही (हवेचा विरोध) वाढतो आणि पंख मागे ओढला जातो. लांब पंखाच्या, सावकाश उडणाऱ्या कबमध्ये हे फारच जाणवतं. एलेरॉन वर जास्त, खाली कमी असं डिफरन्शियल ठेवलंय. त्याने निम्मं दुखणं गेलं. उरलेल्यासाठी एलेरॉनच्या जोडीने त्याच बाजूला थोडा रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं उभं पातं), आणि कल धरला की दोन्ही सोडायचे.

टेकऑफ आता जमतोय. पूर्वी थ्रॉटल (मोटरचा जोर) एकदम द्यायचो आणि कब डावीकडच्या गवतात. आता थ्रॉटल हळूहळू, सोबत उजवा रडर. ट्रान्समीटरच्या (हातातल्या रिमोटच्या) मोड टू मांडणीत हे दोन्ही डाव्या स्टिकवर आणि एलेरॉन उजव्या, त्यामुळे डावा अंगठा सरळ वर न जाता जरा तिरका जातो. हे एकदा अंगवळणी पडलं की धावपट्टी पुरते.

खरी गंमत लँडिंगची. आज वारा डावीकडून होता. नाक वाऱ्यात वळवून, खेकड्यासारखं तिरकं आणलं. टेकण्याआधी उजव्या रडरने नाक सरळ केलं, तोच डावा पंख उचलला गेला. तिथे डावा एलेरॉन हवा होता, म्हणजे दोन अंगठे दोन दिशांना. माझे दोन्ही उजवीकडे गेले. उजवं विंगटिप (पंखाचं टोक) घासलं, प्रॉप (पुढचा पंखा) गेला.

म्हणूनच ट्रान्समीटरमधलं एलेरॉन-रडर मिक्स (एलेरॉन दिला की रडर आपोआप त्याच बाजूला देणारी सोय) मी काढून टाकलंय. वळणात ते छान वाटतं, पण नेमकं इथे आडवं येतं. (ज्यांना आवडतं त्यांनी ठेवावं, निदान एका स्विचवर तरी घ्या.)

विमान समोरून येताना रडर अजूनही उलटा जातो. विमान ज्या दिशेने उडतंय तिकडे खांदे वळवून, मान मागे करून त्याच्याकडे बघतोय. बघणारे हसतात, पण चुका कमी होतात. नवा 10×6 प्रॉप चढवलाय. पुढच्या रविवारी फक्त टच-अँड-गो, म्हणजे टेकवायचं आणि न थांबता पुन्हा उडवायचं.