फ्रीजरची घरघर

आमच्या सिनेमातला खुनी एका आवाजामुळे सापडतो. आइस्क्रीमच्या दुकानात डीप फ्रीजर, फ्रीजरमध्ये प्रेत, आणि त्याच्या झाकणावर बसून तीन बावळट मित्र बिर्याणी हाणतायत. एक जण पाचकळ विनोद करतो आणि पाठोपाठ फ्रीजरची घरघर बंद पडते. आतल्या खोलीत कुणीतरी प्लग काढलाय. त्यावर संवाद नाही, क्लोजअप नाही. थेट क्लायमॅक्सला हीरोला ते आठवतं आणि गुंता सुटतो. म्हणजे पुरावा सगळा माझ्या ट्रॅकवर. मी त्या तेलुगू सिनेमाचा साउंड डिझायनर.

मी देगलूरचा. आमच्याकडे तेलुगू बाजारात, लग्नकार्यात कानावर पडतेच, त्यामुळे हैदराबादला भाषेने कधी अडलं नाही, अडलं ते पैशाने. 2019च्या जूनमध्ये ‘एजंट साई श्रीनिवास आत्रेय’ आणि ‘ब्रोचेवारेवरुरा’ लागोपाठच्या शुक्रवारी आले, नाताळला ‘मत्तु वदलरा’ आला, आणि मोठा स्टार नसलेला विनोदी थ्रिलरही चालतो हे निर्मात्यांना पटलं. तेव्हापासून कृष्णानगरच्या चहाच्या टपऱ्यांवर एक प्रेत नि तीन मित्रांची गोष्ट घेऊन बसलेली पोरं भेटतात. आमचा दिग्दर्शक त्यातलाच, फक्त त्याची पटकथा खरंच घट्ट होती. हीरोची गाडी त्याच्या मेव्हण्याची, दुकान मित्राचं, आणि फ्रीजर भंगारातला. त्यामुळे घरघर मी युसूफगुड्यातल्या एका किराणा दुकानात, रात्री शटर ओढून रेकॉर्ड केली. तेवढा वेळ पंखा बंद ठेवायचे दुकानदाराने वेगळे पैसे घेतले.

मिक्सिंगला आमची जुंपली. दिग्दर्शक म्हणे, हशातच घरघर थांबू दे, कुणाच्या लक्षात येता कामा नये. माझं म्हणणं, लक्षात नाही आलं तर चालेल, पण कानावर पडलीच पाहिजे, नाहीतर शेवटी प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. हशा किती टिकेल हे तिथे बसून सांगणार कोण? खोलीत चार थकलेली माणसं, आणि तो विनोद ऐकून ऐकून त्यांना वीट आलेला. अखेर विनोदानंतर घरघर दोन सेकंद मोकळी सोडली, मग तोडली.

रिलीजच्या शुक्रवारी आरटीसी क्रॉस रोडच्या एका सिंगल स्क्रीनला मॉर्निंग शो गाठला. हॉल अर्धा भरलेला, छोट्या सिनेमाला ते पुष्कळ. दुकानाचा पहिला सीन आला आणि माझ्या पोटात गोळा. घरघर नाहीच! मिक्स करताना प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, सातवर धरतात. थिएटरवाले तो सर्रास पाचवर आणून ठेवतात, कारण मोठ्या सिनेमांची मारामारी सातवर कान फोडते. त्या सिनेमांचं पाचवर काही बिघडत नाही. पण जो आवाज ऐकूच आला नाही, तो थांबला काय नि न थांबला काय!

जिने चढून प्रोजेक्शन केबिन गाठली. ऑपरेटर पन्नाशीचा, डबा उघडून बसलेला.

“अन्ना, वॉल्यूम पेंचंडी.” आवाज वाढवा.

तो म्हणाला, मालकाची ऑर्डर आहे, स्पीकर फाटला तर माझ्या पगारातून कापतील. मी म्हटलं, अन्ना, यात फाइटच नाही, नुसता एक फ्रीजर आहे. त्याला हसू आलं. भाताने भरलेला उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताने त्याने फेडर साडेसहावर नेला आणि काचेतून स्वतःच बघत बसला.

बिर्याणीच्या सीनला हशा आला तो आमच्या अंदाजापेक्षा मोठा. माझ्या दोन सेकंदांपैकी जेमतेम शेवटचा तुकडा वर आला, आणि घरघर तुटली. पुढे क्लायमॅक्सला हीरोने फ्रीजरचं नाव काढताच बाल्कनीतून एक जण ओरडला, “नेनु अप्पुडे चेप्पा!” मी तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. शेजारचे त्याच्याशी भांडायला लागले. ऑपरेटर म्हणाला, मलाही कळलं होतं. यापेक्षा चांगलं परीक्षण मला अजून मिळालेलं नाही.

बाहेर यूट्यूबवाले माइक धरून उभेच होते. “फर्स्ट हाफ सुपर, सेकंड हाफ ल्याग”, हे वाक्य तिथे बहुतेक सिनेमांना मिळतं, आम्हालाही मिळालं. दुसऱ्या आठवड्यात मोठा सिनेमा आला आणि आमचे शो गेले.

मग ओटीटीवर आला. तिथे लोक इयरफोन लावून बघतात. फ्रीजर बंद पडला तेव्हाच खुनी कळला, दिग्दर्शक आम्हाला काय मूर्ख समजतो, अशा तक्रारी सुरू झाल्या. दिग्दर्शकाने त्यांचे स्क्रीनशॉट मला पाठवले, खाली एकच ओळ: ‘तुझे दोन सेकंद.’ पुढच्या सिनेमाचे माझे पैसे ठरवताना तो आता हाच मुद्दा काढून घासाघीस करतोय.